माझ्या हळदीचा धवला

३ नोव्हेंबर
आईचं स्वरयंत्र काढणार. पूर्ण! डॉक्टरांनी मला आणि तेजसला आत बोलावून सांगितलं. आई बाहेर बाकावर बसून कुणाला तरी माझ्या मे महिन्यातल्या लग्नाची तारीख सांगत होती.
आई धवलारीण. तीस वर्षं मांडवामांडवात हळदी-लग्नाचे धवले गातेय. उलव्यापासून उरणपर्यंत लोक आधी तिची तारीख घेतात, मग हॉलची. आणि आता आवाजच जाणार.
तेजस म्हणाला, "ताई, आईला नको सांगू. हातपाय गालेल ती." मी लगेच मान डोलावली. माझ्यात तरी कुठे होता धीर!

५ नोव्हेंबर
आईला सांगितलं, फक्त गाठ काढणार. डॉक्टरांना सांगितलं, आईला सगळं समजावलंय. दोन्हीकडे खोटं.

८ नोव्हेंबर
आई अॅडमिट. हॉस्पिटलच्या समुपदेशक संघमित्रा मॅडम आल्या. "ऑपरेशनआधी बोलू द्या मला त्यांच्याशी. रडतील, चिडतील, पण मनाची तयारी होईल." मी त्यांना वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवलं. वर म्हटलं, तिला उगाच टेन्शन नको. मोठी शहाणी मी!

९ नोव्हेंबर
उद्या ऑपरेशन. संध्याकाळी आई म्हणाली, "तुज्या हलदीचा धवला म्हनू का गो बाय?"
"गप पड," म्हटलं. "घशाला ताण नको. मे महिन्यात म्हण की मांडवात!"
ती बघत राहिली माझ्याकडे. मग कूस वळवून झोपली.

१० नोव्हेंबर
झालं. सात तास.

१३ नोव्हेंबर
गळ्याला भोक. ओठ हलतात, आवाज नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. हे कायमचं आहे, कोणत्या तोंडाने सांगू तिला? शेवटी लाज गुंडाळून मीच मॅडमना फोन केला. एका शब्दाने बोलल्या नाहीत मला. "उद्या येते. पाटी आणून ठेवा," म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
आई चौथी शिकलेली. मॅडमनी हात हातात घेऊन विचारलं, "काय झालंय, माहीत आहे तुम्हाला?"
आईने सावकाश लिहिलं, "आवाज गेला. बाजूच्या खाटेवरच्या बाईने आदीच सांगतला व्हता."
आधीच!

१५ नोव्हेंबर
आज आईने स्वतःच पाटी मागितली. लिहून माझ्याकडे फिरवली —
"मे मइन्यात आवाज नसनार, म्हनून त्या सांजेला धवला म्हनाचा व्हता."