व्याह्यांची बँक आणि नातवाचं नाव

आग्रिलिया, शुक्रवार, ३ जुलै २०१५

प्रिय नोन्दास,

तुझ्या थोरल्या चुलतभावाचे तुला, हिल्डेगार्डला आणि दोन्ही मुलींना भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? ते बर्फाळ जिने अजून चढतोस का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. म्हणजे बँका सोमवारपासून बंद आहेत, रविवारी सार्वमत आहे, आणि माझं बायकोशी, सुनेशी आणि औषधवाल्या फोटिसशी बोलणं बंद आहे. (व्याह्यांशी कालपासून पुन्हा सुरू झालंय. ते का, ते पुढे येईल.) पुढे जर्मन लोकांबद्दल मी चार शब्द लिहिणार आहे, त्यात हिल्डेगार्ड धरलेली नाही. पत्र तिला वाचून दाखवताना तेवढा भाग गाळ.

आता मूळ मुद्दा. बाळ आठ महिन्यांचं झालं. सव्वीस तारखेला, संत पारास्केवीच्या दिवशी, त्याचा बाप्तिस्मा ठरलाय. पाद्री विचारणार, धर्मपिता नाव सांगणार, आणि तोवर ते नुसतं ‘बाळ’. त्यात विचारायचं काय आहे, तूच सांग. थोरल्या मुलाचा थोरला मुलगा, त्याला आजोबाचं नाव. आपल्या घरात थ्रासीवुलोस, अर्गिरिस, थ्रासीवुलोस, अर्गिरिस असं तुर्कांच्या काळापासून चालत आलंय आणि कुणी कुरकूर केलेली नाही. (माझ्या वडिलांनी केली होती म्हणतात, पण दारूच्या भरात.) एकाहत्तर वर्षं मी हे नाव अंगावर वागवलं ते काय माझ्याबरोबर पुरायला? आणि आमच्या अर्गिरिसची बायको, सूनबाई दानाए, अथेन्सची, शिकलेली, पोरगी गुणी आहे मी नाही म्हणत नाही, ती मला म्हणते, “बाबा, नाव छानच आहे हो, पण बाळाच्या अंगाला जरा मोठं होतंय.” मी म्हटलं, वाढत्या अंगाचं घेतलंय.

तरी हे प्रकरण मी गोडीगुलाबीनं मिटवलं असतं. पण नेमके व्याही आले. अरिस्तीदिसराव तुला आठवत असतील, लग्नात भर ऑगस्टमध्ये कोट घालून बसले होते ते. चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. विधुर माणूस, एकुलती एक लेक, म्हणून नातवाला बघायला आले. आणि दुसऱ्याच दिवशी सरकारनं जाहीर केलं की कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य आहेत का, होय की नाही, ते लोकांनी सांगावं. झालं. आमच्या जेवणाच्या टेबलाचे दोन देश झाले. व्याही म्हणायचे, ‘नाही’ म्हणालात तर युरो जाईल, युरो गेला की युरोप जाईल, मग बसा ड्रॅक्मा मोजत. मी म्हणायचो, जाऊ दे की. ड्रॅक्मा होता तेव्हा मला केस होते.

मी त्यांना सरळच विचारलं. व्याही, तुमची बँक बुडत होती तेव्हा ती कुणी वर काढली? माझी पेन्शन कापून काढली. मी काही बुडवलं नव्हतं, मी जन्मात होडीत बसलो नाही. त्यावर हा माणूस चष्मा पुसत मला म्हणतो, “व्याहीबुवा, बँक बुडाली कारण तिनं सरकारला पैसे दिले. सरकार बुडालं कारण त्यानं ते तुमच्यासारख्यांना वाटले. तुमचा पुतण्या ज्या तळ्याचा सरकारी रखवालदार आहे, ते तळं कुठाय?” आता हे लावून बोलणं झालं. तळं आटलं ही काही पोराची चूक नाही. मग मी म्हटलं, आम्ही आमचं पिकवू, आमचं खाऊ. तर स्वयंपाकघरातून पोलिक्सेनी (माझी बायको, माझीच) ओरडली, “काय पिकवता हो तुम्ही? ऑलिव्ह, लिंबं आणि भांडणं!”

मंगळवारी मात्र हद्द झाली. बाळाचा धर्मपिता म्हणून मी स्वतः निवडलेला हा फोटिस, त्यानं औषधाच्या दुकानावर ‘होय’चा कागद चिकटवला. कारण काय, तर म्हणे औषधं बाहेरून येतात. मी भर चौकात सांगितलं की ज्या तोंडानं ‘होय’ म्हणणार त्या तोंडानं माझ्या नातवाचं नाव घेता येणार नाही. तो म्हणाला, “आजोबा, ते नाव घेताना माझी कवळी पडली असती, सुटलो.” तर धर्मपिता गेला. आणि घरी आल्यावर, मला एकानं विचारलं असेल तर शपथ, सगळे फोटिसच्याच बाजूनं! तेव्हा मी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की नावाचा निकाल लागेपर्यंत मी या घरातून बाहेर पडतो.

अंगणातल्या तेलाच्या खोलीत मी खाट टाकली. अटी अगदी साध्या ठेवल्या होत्या. मी घराचा सभासद राहणार नाही, घरचे नियम मला लागू नाहीत, कोंबड्यांचं काम बंद. मात्र दुपारचं जेवण, सकाळची कॉफी आणि धुणं पूर्वीसारखं चालू राहील, आणि बाळ दिवसातून दोनदा माझ्याकडे येईल. पोलिक्सेनीनं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जायचं तर खुशाल जा. पण बाहेरच्यांना ताट नाही.” एवढंच. बावन्न वर्षांचा संसार! बुधवारी दुपारी भरल्या टोमॅटोंचा वास अंगणातून सरळ माझ्या खोलीत यायचा आणि मी टिनातले सार्डिन मासे खात बसलो होतो. व्याही मध्यस्थ म्हणून येऊन गेले. हातात कागद, कानावर पेन्सिल. म्हणाले, जेवण हवं तर कोंबड्या परत घ्याव्या लागतील, नावाचं नंतर बघू. मी म्हटलं, हे तर तुमच्या ब्रुसेल्ससारखंच झालं. म्हणाले, “तिथं निदान कोंबड्या नसतात.” (बोलणी फिसकटली. पण जाताना ते खिशातून रुमालात बांधलेला एक टोमॅटो खाटेवर ठेवून गेले. तो मी तत्त्वाला धरून संध्याकाळपर्यंत खाल्ला नाही.)

गुरुवारी माझ्या आडनावाच्या अक्षराची पाळी होती. तुला तिकडे कळलं असेल, ज्या म्हाताऱ्यांकडे यंत्रातून पैसे काढायचं कार्ड नाही त्यांच्यासाठी काही शाखा तीन दिवस उघडल्या होत्या. अर्गिरिस बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेलेला, बस बंद, तेव्हा नाइलाजानं मी व्याह्यांच्या गाडीत बसलो. बावीस किलोमीटर भांडत गेलो. तिथे बघतो तर बँकेपुढे दोनशे म्हातारे, ऊन असं की चपला चिकटाव्यात, आणि रांग नावाला नाही. आता इथे व्याह्यांचा जन्माचा रोग उफाळून आला. चौतीस वर्षांची सवय, विस्कटलेली रांग त्या माणसाला बघवेना. गाडीतून उतरले, कोटाचं बटण लावलं आणि लागले की म्हाताऱ्यांना एकामागे एक उभं करायला! “घाबरू नका, आजी. ओळखपत्र हातात ठेवा. पैसे सुरक्षित आहेत. आपण काठी इकडे घ्या.”

एका आजीबाईनं मला विचारलं, हा कोण? आणि नोन्दास, तिथे माझी जीभ आडवी आली. बावीस किलोमीटरचा राग होता, बुधवारचे सार्डिन होते. मी म्हटलं, “हा? बँकेचा साहेब आहे.”

नुसता गिल्ला झाला. चार वर्षांत ज्याला ज्याला बँकेच्या साहेबाला काही सांगायचं होतं, त्या सगळ्यांना तो एकदम सापडला. कुणी पेन्शन मागतंय, कुणी मेलेल्या नवऱ्याचे शेअर मागतंय. एकानं टाय धरला. त्या आजीबाईनं पिशवीतून कलिंगडाची फोड काढून मारली (अर्धी खाल्लेली, फुकट घालवली नाही). आणि व्याही काय करत होते? पळत नव्हते. चष्मा एका कानाला लोंबतोय आणि म्हणतायत, “एकेक जण बोला, मी सगळ्यांचं लिहून घेतो.” मी गर्दीत घुसलो. काठी उगारून ओरडलो, “खबरदार! हा माझा व्याही आहे! याला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे!” त्यावर लोक म्हणाले, म्हणजे हाही त्यांच्यातलाच. उरलेलं कलिंगड मला बसलं. आम्ही गाडी गाठली तेव्हा माझी पेन्शन बँकेतच होती आणि व्याह्यांची एक चप्पल रस्त्यात.

अर्ध्या वाटेवर झऱ्यापाशी थांबून आम्ही डोकी धुतली. आमचं दोघांचंही हसणं थांबेना. मग त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. म्हणाले, “व्याही, मी शब्द मोडतोय. अर्गिरिसनं श्टुटगार्टला तुमच्या चुलतभावाला (म्हणजे तुला) पत्र टाकलंय. त्यांच्या कारखान्यात जागा आहे का म्हणून. तुम्हाला बाप्तिस्म्यानंतर सांगणार होते. दानाएला नाव लहान हवंय ते तेवढ्यासाठी.” मी म्हटलं, मला ठाऊक होतं. (ठाऊक नव्हतं.) ते म्हणाले, “तुम्ही आणि मी युरोपात राहायचं की बाहेर पडायचं म्हणून आठ दिवस घसा फोडतोय. पोरं चालली.” आणि तो कोटातला माणूस झऱ्याच्या कठड्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याची एकच लेक आहे रे. मी माझी चप्पल त्याला दिली.

कालपासून मी घरात जेवतोय. कोंबड्या परत घेतल्या. पोलिक्सेनी वाढते पण बोलत नाही. अर्गिरिस माझ्याकडे बघत नाही, मीही त्याला विचारलेलं नाही. त्याला दोन वर्षं काम नाही, हे मला दिसत नव्हतं असं नाही. तेव्हा नोन्दास, बाळाचा धर्मपिता तू हो. सुट्टीला ऑगस्टमध्ये येतोसच, जरा आधी ये. पाद्र्यानं विचारलं की कुणाकडेही न बघता खणखणीत आवाजात म्हण, ‘थ्रासीवुलोस’. एकदा देवळात उच्चारलं की ते कुणालाच मागे घेता येत नाही. रविवारी मी ‘नाही’ला मत देणार आहे. त्या तुमच्या अर्थमंत्र्याला तसं कळव.

सगळ्यांना गालांवर पापे.

तुझा भाऊ,
थ्रासीवुलोस

ता. क. येताना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आण, तिकडच्याच, त्या निळ्या डब्यातल्या. फोटिसकडे मी जाणार नाही. आणि कॉफी गाळायचे कागद. तुम्ही लोक काहीही असा, कागद चांगले करता.

ता. क. दुसरा, शनिवार. खरं तर मी पत्र याच्यासाठी लिहायला बसलो होतो. अर्गिरिसला उलट कळव की जागा नाही. कारखान्यात माणसं कमी करतायत म्हण. एवढं एक खोटं बोल. तू गेलास तेव्हा मी बंदरावर तुला अडवायला एक शब्द बोललो नव्हतो, आठवतंय ना? त्याच्या बदल्यात.

ता. क. तिसरा, सोमवार. पाकीट अजून माझ्याकडेच आहे. काल ‘नाही’ जिंकलं. चौकात सगळे नाचले, मीही नाचलो, व्याह्यांनी बाकावरून टाळ्या वाजवल्या. आज सकाळी कॉफीला बसलो तर सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन जर्मन आकडे पाठ करत होती. मला बघून थांबली. मी म्हटलं, चालू दे, सातानंतर काय येतं? वरचं खोटं बोलू नकोस. त्याला जागा मिळवून दे, आणि राहायला अशी खोली की दिवसा थोडं ऊन येईल. तूच एकदा म्हणाला होतास की अडतीस वर्षांत तिकडे एकाही माणसाला तुझं नाव पुरं घेता आलं नाही, सगळे ‘तो ग्रीक’ म्हणतात. तेव्हा देवळात ‘अरिस’ म्हण. व्याह्यांच्या नावातलं आहे, लहान आहे, शाळेतल्या बाईंना एका दमात हाक मारता येईल. व्याह्यांना मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ते नाव ऐकतील तेव्हा मला त्यांच्या शेजारी उभं राहायचंय.