शिवणवालीच्या हातातला माझा पंखा

माझ्या चिमणे,

आजीचे पोटभर आशीर्वाद घे आणि वेळेवर जेवतेस ना ते आधी कळव. मी बरी आहे. गुडघा आहे तिथेच आहे, त्याचं दुखणंही तिथेच. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे अक्षर लावून वाच. फोनवर हे सांगण्यासारखं नाही. तुझा बाबा फोन मोठ्या आवाजावर ठेवतो आणि सगळं घर कान देतं.

तर तू पहिल्या पगारात दिलेला पंखा. पंखा गुणाचा आहे हो, आधीच सांगते, नाहीतर हिरमुसशील. पलंगावर पडल्या पडल्या रिमोट दाबायचा आणि वारा कमीजास्त करायचा, असं राणीपण मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. (तुझे आजोबा असते तर रिमोट माझ्या हाती लागला असता का? जाऊ दे.) पण महिन्यापूर्वी तो एकाएकी माझं ऐकेनासा झाला. मी दाबलं तर ढिम्म, आणि मी भाजी निवडत बसले की आपला आपण भरारा, सगळी पालेभाजी पलंगाखाली. मी रिमोटचा प्लास्टिकचा कागद काढला, त्याला उन्हात ठेवलं, दोन चापट्या दिल्या, मग वाईट वाटलं म्हणून गोंजारलं. गुडघ्यासकट स्टुलावर चढून अगदी त्याच्या पात्यांजवळ धरून दाबलं. तेवढ्यात तुझ्या बाबाचा फोन आला आणि मी स्टुलावर आहे हे माझ्याच तोंडून निघून गेलं. झालं. म्हणाला, आई, एक पंखा सांभाळता येत नाही तुला, रविवारी येतो, नीट चालला नाही तर तुझं सामान बांधून इकडेच आणतो. तुझा बाबा बोलला की करतो, हे तुला ठाऊक आहे. आणि तुमच्या घरी मला सगळं मिळेल गं, फक्त करायला काही मिळणार नाही.

शुक्रवारी वायरमनला बोलावलं. त्याने पंखा पाहिला, रिमोट पाहिला आणि विचारलं, आजी, मध्ये लाईट गेली होती का? गेली होती की. मग तुम्ही काय केलंत? म्हटलं, काय करणार, रिमोटचे सेल काढून टॉर्चमध्ये घातले. (घरात सेलची एकच जोडी. रेडिओ, टॉर्च, रिमोट, ज्याची पाळी त्याला.) तो कपाळाला हात लावून हसला. या पंख्याचं असं आहे म्हणे, की लाईट परत आली की पहिलं बटण ज्याच्या रिमोटचं, त्याचा तो. माझा रिमोट रिकामा पडलेला, आणि भिंतीपलीकडे अगदी तस्साच पंखा. तिथे पहिलं बटण दाबलं गेलं आणि आमचा पंखा तिकडचा झाला. सोडवायला शिडी लागेल, ती सोमवारी आणतो म्हणाला.

आता भिंतीपलीकडे कोण? शिवणवाली. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझे पडदे तिने वीतभर आखूड शिवले होते आणि वर मलाच म्हणाली होती, खिडकीच लांब आहे. पण रविवार पुढ्यात उभा, मग गेले. ती कापड बेतत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे मी कापड उडू नये म्हणून बंद करत होते, तेव्हा तुम्ही घामाघूम? म्हटलं, आणि तू इस्त्री करताना पाचवर न्यायचीस तेव्हा माझी भाजी पलंगाखाली. दोघी इतक्या हसलो की तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. (त्या शोधायला तासभर लागला, तेवढ्यात तीन वर्षांचं सगळं बोलून झालं.) मग ठरलं असं. मी भिंतीवर काठीने एकदा टकटक केलं की सुरू, दोनदा केलं की जोरात, तीनदा केलं की बंद.

रविवारी तुझा बाबा आला. लाव म्हणाला. मी रिमोट दाबला, काठी भिंतीला टेकवल्यासारखी केली, पंखा सुरू. जोरात कर. केला. बंद कर. केला. त्याचा चेहरा पडला. इथवर सगळं झकास. मग त्याला आजोबांचा फोटो वाकडा दिसला आणि त्याने हातोडी घेतली. अगं, नेमकी तीच भिंत. त्याने खिळ्यावर सात-आठ घाव घातले आणि शिवणवालीने ते इमानदारीने मोजले. पंखा सुरू, जोरात, बंद, परत सुरू. बाबा हातोडी धरून वर बघतच राहिला. मी म्हटलं, तुझ्या ठोकण्याने हादरला बिचारा. त्याने हातोडी खाली ठेवली. चहा घेतला आणि गेला. सामान राहिलं.

तुझीच,
आजी

ता. क. पत्राचं कारण हे, की तू पाठवते म्हणालीस तो ऑफिसातला जाणता मेकॅनिक पाठवू नकोस. सोमवारी वायरमन शिडी घेऊन आला, त्यालाही चहा पाजून परत पाठवला. आता पंखा मंद झाला की मला कळतं, शिवणवाली कापड बेततेय (आता माझ्यासाठी बंद करत नाही, नुसता मंद करते). बराच वेळ बंद राहिला की मी काठी घेऊन बघायला जाते. आणि बाबाला यातलं अक्षर सांगू नकोस.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं तेवढ्यात बाबाचा फोन आला. रिमोट चुकून त्याच्या खिशात गेला होता. विचारलं, आई, आता पंखा कसा लावतेस? मी पंख्याखालीच बसले होते, म्हटलं, मस्त चाललाय. तो म्हणाला, रिमोट उघडून पाहिला, आत सेलच नाहीत. मग म्हणाला, भिंतीपलीकडे कोण राहतं? मी सांगितलं. म्हणाला, बरं, मग राहा तिथेच.

शेवटचं. शिवणवालीने आपणहून नवे पडदे शिवून दिले. परत वीतभर आखूड आहेत. मी काही बोलले नाही. उकाडा फार आहे.