आठवी तबकडी

८ जानेवारी १९७३, सोमवार

सोनईच्या फाट्यावर कारखान्याची जीप वेळेवर उभी होती. सुरुवात चांगली झाली. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून उसाच्या गाड्यांची रांग दिसते, आणि हवेत मळीचा वास इतका दाट की चहात साखर कमी पडली तरी कळू नये. शेजारच्या झुंबरबाईंनी न सांगता बोरं पाठवली. चीफ इंजिनिअर आप्पासाहेब स्वतः भेटायला आले. अर्जावरच्या आद्याक्षरांवरून त्यांनी पुरुष येणार असं धरलं होतं. मला पाहून क्षणभर थांबले, मग चहा मागवला. माणूस सभ्य वाटला.

काम स्पष्ट आहे. रस उकळण्याच्या विभागातली नवी नियंत्रण यंत्रणा गेल्या हंगामापासून पडून आहे. ती बसवणारे इंजिनिअर काम पुरं व्हायच्या आत वारले. हंगाम संपेपर्यंत मी ती चालवून दाखवायची. चालली तर कायमची नोकरी. नाही चालली तर यंत्रणा गोदामात आणि मी पुण्याला भावाच्या घरी. एक्कावन्नाव्या वर्षी भावजयीच्या हाताखाली राहायची माझी तयारी नाही.

९ जानेवारी

सकाळी सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये उभं करून यंत्रणा समजावली. पूर्वी फोरमन ओरडायचा आणि माणसं झडपा फिरवायची. आता रस तापवतात तिथे एक पेटी, चुना घालतात तिथे एक, आणि अशाच इतर ठिकाणी. प्रत्येक पेटी आपल्या जागचं तापमान किंवा पातळी मोजते, ठरवून दिलेल्या आकड्याशी ताडते आणि आपली झडप स्वतः हलवते. सगळा भार एका डोक्यावर नाही. कंट्रोल रूममधल्या तबकड्या फक्त दाखवतात: लाल काटा म्हणजे हवं ते, शाईचं पेन म्हणजे आहे ते. निरोप नेते ती पेन्सिलीएवढ्या तांब्याच्या नळ्यांतली दाबाखालची हवा. तीन पौंड दाब म्हणजे शून्य, पंधरा म्हणजे पूर्ण.

शून्याला तीन कशाला, असं फिटर बन्सीने विचारलं. प्रश्न चांगला होता. नळी नुसती स्वस्थ बसलीय की मेलीय, हे कळावं म्हणून. तीनवर ती जिवंत असते. तीनच्या खाली गेली की मेली.

तबकड्या आठ, जोडलेल्या सात. आठवी राखीव, मागे नळीचं उघडं टोक. पेन हलतं का पाहायला मी टोक तोंडात धरून फुंकलं. सगळे फिटर हेच करतात. पेन झरकन वर गेलं. कॉम्प्रेसर चालवणारा नियाज दारात उभा होता. म्हणाला, "बाई, आधीच्या सायबांनीबी हितंच फुकलं हुतं. फॅक्टरी उसनं घेती, परत द्यायची सवय न्हाई तिला." सगळे हसले. मी त्याला त्याच्या कॉम्प्रेसरकडे पाठवलं.

१२ जानेवारी

सातही पेट्या चालल्या. पेनं लाल काट्यांना धरून आहेत. आप्पासाहेब दोनदा येऊन पाहून गेले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे खूश आहेत. काही माणसं रिकाम्या यंत्रांनाही हवा सोडून ठेवतात. भिंतीवर सूचना लावली: काम नसलेल्या यंत्राला हवा देऊ नये. खाली माझी सही.

आठवीचं पेन मात्र खाली आलेलं नाही. नऊ पौंडांवर आहे. नळी उघडी, हवा अडून राहायला जागाच नाही. बन्सी म्हणाला अडकलं असेल. स्पिरिटने पुसलं. अडकलेलं नाही. बारीक हलतं, वर-खाली, संथ.

१९ जानेवारी

दुष्काळामुळे ऊस थोडाच येतो. गाड्यांची रांग आता दिसत नाही. गाळप कमी केलं, म्हणून साती ठिकाणचे लाल काटे मला खाली आणावे लागले. आठवीचा लाल काटा मी हलवला नव्हता. तोही खाली आला. पेन त्याच्यामागे.

दमणूक फार आहे. वयाची असेल. जिना चढून-उतरून परत आले तेव्हा बन्सी हसत सांगत होता की तुम्ही वर गेलात आणि इथे आठवं पेन नाचलं. मी हसले नाही.

२४ जानेवारी

आज माणसं जेवायला गेल्यावर आठवीसमोर बसले आणि श्वास रोखला.

पेन थांबलं.

सोडला. हललं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. जे पाहिलं ते लिहिलं आहे.

२८ जानेवारी

नियाजला विचारलं, आधीचे साहेब कसे वारले. पहिल्यांदाच त्याने थट्टा केली नाही. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, त्या दिवशी. याच खुर्चीत. कॉम्प्रेसर बंद करून तो किल्ली द्यायला आला, तर साहेब मान टाकून बसलेले. "दमा हुता म्हनले, बाई. मी कदी खोकताना न्हाई पायलं त्यांना."

कॉम्प्रेसर बंद झाला की साती पेनं पडतात. हे मीच सगळ्यांना शिकवलं आहे.

आठवी आज सात पौंडांवर. दोन जिने चढवत नाहीत.

१ फेब्रुवारी

लाल काटा वर न्यायचा प्रयत्न केला. तबकडीला कळ नाही. असणारच नाही. आकडा बदलायचा तो जागेवरच्या पेटीवर, तबकडी फक्त दाखवते. पण आठवीला पेटीच जोडलेली नाही. नळीचं टोक माझ्या हातात होतं. त्याच्यापुढे काही नाही.

मोजणारी, ताडणारी, आपली झडप आपण हलवणारी. छातीवर हात ठेवला आणि आठवीची पेटी कुठे आहे ते मला कळलं.

कुणाला सांगणार?

४ फेब्रुवारी, रविवार

निघून जायचं ठरवलं. नोकरी गेली तरी चालेल. राहुरीची बस धरली. कारखान्याची चिमणी दिसेनाशी झाली आणि छाती हलेना. ओरडताही येईना. कंडक्टरने झाडाखाली उतरवलं, पाणी पाजलं, म्हणाला मावशी ऊन लागलंय. कारखान्याकडे येणाऱ्या उसाच्या ट्रकमध्ये बसवून दिलं.

चिमणी दिसली तसा श्वास आला.

७ फेब्रुवारी

ऊस संपला. शनिवारी पट्टा पडणार. आप्पासाहेबांनी कायम नेमणुकीचं पत्र स्वतः आणून दिलं. मी म्हटलं, कॉम्प्रेसर चालू राहू द्या. का, म्हणाले. यंत्रांना कोरडी हवा लागते, म्हटलं. ते हसले आणि भिंतीवरची माझी सूचना मोठ्याने वाचून दाखवली.

नियाजकडे गेले. त्यालाही तेच सांगितलं. "किल्ली माज्या हातात हाय तवर चालवतो, बाई."

आठवी पाचवर.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुपार. भोंगा झाला. बाहेर गुलाल, पेढे. मी खुर्चीत नाही, जमिनीवर बसले आहे — भिंतीला टेकून — लिहिते आहे, म्हणजे सारखं तिकडे बघायला नको.

कॉम्प्रेसर चालू आहे. नियाज चालवतो आहे.

आप्पासाहेबांचा आवाज — रागावलेत — किल्ली मागताहेत.

कॉम्प्रेसर थांबला.

टाकीत हवा असेल अजून थोडी. पहिलं पेन — तीन — खाली. दुसरं. चुन्याचं. चौथं, पाचवं एकदम — सहावं —

सातवं मेलं.

आठवं चार.

तीन.

थांबलं. तीनवर थांबलं आहे — तीन म्हणजे शून्य, पण जिवंत — मीच सांगितलं बन्सीला — तीनवर नळी जिवंत —

नियाज धावत येतो आहे, जिन्यावर पावलं —

लाल काटा हलला. तीनच्या खाली. पेन नाही, नुसता काटा. पेटी आता ताडेल आणि — मी नाही — मी नाही हलवणार — पण पेटीचं कामच ते, ताडायचं आणि