पाचपैकी पाच

१० फेब्रुवारी

पोचले एकदाची! निघताना आईने इतक्या सूचना दिल्या की मी नाशिकहून संभाजीनगरला नाही, चंद्रावर चालले आहे असं वाटावं. गारखेड्यात खोली मिळाली आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला टेकलेला कडुनिंब. घरमालकीणबाईंनी भाड्याच्या आधी पाण्याचं सांगितलं. नळ आठवड्यातून एकदा येतो. तो आला की लग्न असो की मयत, सगळं बाजूला ठेवून आधी पिंप भरायचं. मला शहर पहिल्याच दिवशी आवडलं.

कामही मनासारखं. वाळूजला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात बसून कामगारांशी बोलायचं, कामाच्या जागी ते किती समाधानी आहेत ते शोधून काढायचं. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. अभ्यास नीट झाला तर आमच्या संस्थेत एक कायमची जागा निघणार आहे. चौतिशी उलटली, आता तरी मिळावी. जोडीला नौशीन म्हणून इथलीच मुलगी आहे. तिचाही त्याच जागेवर डोळा आहे, असं संस्थेतल्या सरांनी जाता जाता सांगितलं. बघू.

१३ फेब्रुवारी

इथले लोक बोलतात खूप, सांगत काहीच नाहीत. पगार कसा आहे? "चाललंय." साहेब कसे आहेत? "चाललंय बघा, ताई." गुण विचारले की तीन. सगळ्यांचे तीन! लेथवरच्या कडूबांनी परवाच मुलाला नोकरी लागली म्हणून पेढे वाटले. त्यांचेही तीनच.

शेवटी कॅन्टीनवाल्या दगडाबाईंनी मला बाजूला घेतलं. चांगलं चाललेलं तोंडानं बोलायचं नसतं, नजर लागते, असं त्यांचं म्हणणं. "माझ्या मायची तीन लेकरं गेली, म्हणून माझं नाव दगडा ठिवलं. दगडाकडं कोण बघतंय?" कडूबांच्या नावाची कथाही तीच. मला हसू आवरेना. तीन-तीन गुणांचा अहवाल घेऊन मी सरांपुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

नौशीनशी मात्र लोक भडाभडा बोलतात. ती काही विचारतही नाही, नुसती चहा घेऊन शेजारी बसते. कोणी बरं काही सांगितलं की नजर लागू नये म्हणून माशाअल्लाह म्हणते, आणि बायका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतात. खरं लिहायचं तर माझ्या पोटात दुखलं.

१८ फेब्रुवारी

आज तीन घ्यायचेच नाहीत असं ठरवून गेले. कडूबांना शपथ घातली. ते इकडे तिकडे बघत राहिले, मग एकदम म्हणाले, "लिवा पाच. घरी जाऊन पाठ टेकली की झोप. थेट सकाळीच डोळा उघडतो. आजून काय पायजे माणसाला?" आणि मी? गोळी घेऊनही पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलेली असते. दिवसभर कानाशी यंत्र किंचाळतं आणि या माणसाला झोप लागते! क्षणभर मला त्यांचा रागच आला.

मग दगडाबाई. त्यांनाही सोडलं नाही. त्यांनी पाच दिले आणि हसल्या. पोटातून येणारं, शेवटी शिट्टीसारखा आवाज काढणारं ते हसू. अख्खं कॅन्टीन वळून बघत होतं. असं हसू मला आयुष्यात आलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

तीन रात्री झोपतेय! गोळी नाही, काही नाही. उशीला डोकं लागतं आणि सकाळ होते. मराठवाड्याची हवा मानवली म्हणायची.

कडूबांचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. डोळे लाल. आज लेथपाशी डुलकी लागली, बोटं थोडक्यात वाचली. त्यांना आता झाडायला लावलं आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले की झोप कुणीतरी उचलून नेल्यासारखी गेली. वय झालं, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी

कारखान्याच्या बसमध्ये कोणीतरी काहीतरी बोललं आणि मी हसले. पोटातून. शेवटी शिट्टीही वाजली. बसचा चालक सांडू याने गाडी हळू करून मागे पाहिलं आणि दगडाबाई आज या बसला कशा, असं विचारलं.

दगडाबाई बसमध्ये नव्हत्या. त्या दुपारपासून कॅन्टीनच्या ओट्यावर बसून आहेत. कोणी गंमत केली की तोंड उघडतात, पण आवाज येत नाही.

मी घरी येऊन आरशापुढे पुन्हा हसून पाहिलं. तेच हसू.

१ मार्च

भीती वाटतेय. आणि बरंही वाटतंय. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं?

सरांचा फोन होता. नौशीनच्या मुलाखती फार सुंदर झाल्या आहेत, तिच्याकडून शिका, म्हणाले. मी शिकू! दहा वर्षं या धंद्यात घालवून! फोन ठेवला तेव्हा अंगाची लाही झाली होती. कॅन्टीनच्या दारात उभी राहून मी तिचं बोलणं ऐकलं. तो सूर, ते माणसाला मोकळं करणं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं आणि मी तिच्याकडे पोटभर बघितलं.

४ मार्च

आता सगळे माझ्याशी बोलतात. रडतात. मनातलं सांगतात. नौशीन चहा घेऊन बसते आणि लोक तिच्या समोरून उठून जातात. तीही बोलत नाही. शब्दच सापडत नाहीत, असं तिने मला अडखळत सांगितलं. सर म्हणाले की जागा तुमचीच समजा.

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

९ मार्च

नौशीनने इफ्तारला बोलावलं. मनात काही न ठेवता. किराडपुऱ्यात दोन खोल्यांचं घर. तिची मुलगी गजाला, चार वर्षांची, कानामागे काजळाचं बोट. मी ठरवूनच गेले होते की कोणाकडे बघायचं नाही. ताटातल्या खजुरांकडे बघत होते, भज्यांकडे बघत होते.

मग मीच का विचारलं? सुखी आहेस का, म्हणून? ती म्हणाली, "चाललंय." तिथेच थांबायचं. पण माझी जीभ! खरं सांग, खरं सांग, म्हणत मागेच लागले. तिने गजालाला जवळ ओढलं आणि अडखळत म्हणाली, नोकरी जाऊ दे, माझं सगळं सुख हे आहे. पोरीने आईच्या गळ्याला गाल लावला, डोळे मिटले.

माझ्या गळ्याला असा गाल कोणी कधी लावला नाही.

मी मान खाली घातली. पण बघून झालं होतं.

११ मार्च

नौशीनचा फोन. गजाला जेवत नाही. आईने उचललं की किंचाळते. ही अम्मी नाही म्हणते. सारखं एकच — अम्मी कने जाना — आणि बोट माझ्या खोलीच्या दिशेला.

धावत दगडाबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या माझ्यावरून उतरवून शेगडीत टाकल्या. धूर झाला. कोणालाही ठसका लागला नाही. एकालाही नाही.

मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, हा इलाज नजर लागलेल्याचा, लावणाऱ्याचा नाय. "जे घेतलं ते नको म्हन. मनापासून. एवढंच मला सुचतंय, बाई."

कोपऱ्यात कडूबा झाडू धरून उभे होते. "ताई, आता कुणाकडं बघू नका," म्हणाले.

१२ मार्च

काल झोपेपासून सुरुवात केली. मला नको ही झोप, कडूबांना जाऊ दे. मोठ्याने म्हटलं. पुन्हा म्हटलं. म्हणता म्हणता —

सकाळी जाग आली. गाढ झोपले होते.

तोंड म्हणतं. मन म्हणत नाही.

बॅग भरली. नाशिकला जाते. गेलेच नाही. का गेले नाही ते मला माहीत आहे. लिहिणार नाही.

१३ मार्च

दुपार. जिन्यावर पावलं. खिडकीतून पाहिलं — नौशीन. कडेवर पोर. पोर तिला ओरबाडतेय. तीन दिवस उपाशी, तोंड सुकलेलं.

दार उघडायचं नाही. आधी म्हणायचं.

दाराला आतून पाठ लावून बसलेय. बाहेर गजाला अम्मी म्हणतेय. मला. नौशीन काहीच बोलत नाही, नुसती दारावर हात फिरवतेय — तिचे शब्द माझ्याकडे आहेत —

एकदाच म्हणायचं. मनापासून. मग ती आईकडे जाईल. जेवेल. सोपं आहे.

मला हे मूल —

पुन्हा. मला हे —

अम्मी, म्हणतेय. किती गोड म्हणते.

कडी काढली. नव्हती काढायची. पोर झेपावत आत आली. नौशीन उंबऱ्यावर हात जोडून — मी तिच्याकडे बघत नाही — गजालाने गळ्याला गाल लावला. गरम आहे. डोळे मिटले तिने.

म्हणते. आत्ता म्हणते. एक मिनिट असंच राहू दे, मग नक्की — फक्त एक मि