चोवीस हसरे चेहरे

सोमवार, २ सप्टेंबर. संध्याकाळी ७

आजपासून रुजू. पद: आहार-समन्वयक. हे पद केंद्रात याआधी नव्हतं, खास माझ्यासाठी काढलं असं बाई म्हणाल्या. बाई म्हणजे केंद्राच्या संचालिका. एक महिना ट्रायल. तीस तारखेला त्या ठरवणार, पद ठेवायचं की नाही. ठेवतील. त्यात शंका घेण्यासारखं काही नाही.

केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागच्या जिन्याने उतरलं की अंगण. शाळा सुटल्यावर सव्वातीनला चोवीस मुलं येतात, वय चार ते सात. आईबाप कामावरून सुटेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, ती आमची. या वेळातलं खाणं आता माझ्या हातात.

आतापर्यंत ते स्वयंपाकघरातल्या मावशींच्या हातात होतं. बारा वर्षं. आज त्यांची पद्धत पाहिली. पावाची जाड कापं, वर लोणी, केळं, दूध. मागेल त्याला, मागेल तितकं. मी विचारलं, पोर्शन कशाने मोजता? त्यांनी हाताचा पंजा वर करून दाखवला. वजनकाटा नाही, वही नाही, कोष्टक नाही. बारा वर्षं हे चाललंय आणि कोणाला काही वाटलं नाही.

मला वाटलं. म्हणून तर मी आले आहे.

मंगळवार, ३ सप्टेंबर

कोष्टकाप्रमाणे ताट तयार. अर्धं उकडलेलं अंडं, गाजराच्या सहा काड्या, काकडीच्या चार चकत्या, दोन चमचे वाटाणे, अर्धा कप दूध. प्रोटीन, फायबर, सगळं तंतोतंत. नमुन्याचं ताट मावशींपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, हे सशाचं का? (अंगणात एक ससा आहे.) मी हसण्यावारी नेलं. बदलाला विरोध होतोच. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला हा एक अख्खा धडा होता.

संकल्प: मुलांना जे ताट, तेच मलाही. आधी केले, मग सांगितले.

गुरुवार, ५ सप्टेंबर

नव्या ताटाचा पहिला दिवस. चार मिनिटांत चोवीस ताटं चाटूनपुसून साफ. एवढ्या आवडीने खातील असं वाटलं नव्हतं.

मग मात्र कोणी उठेना. चिमणी म्हणून एक आहे, चार वर्षांची, सारखी चिवचिवते. तिने विचारलं, ताई, खाऊ कधी? म्हटलं, बाळा, हाच खाऊ. तिच्या शेजारी सहा वर्षांचा एक बसतो, प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढतो, त्याला सगळे वकील म्हणतात. तो म्हणाला, हे खाऊच्या आधीचं आहे, खाऊ नंतर असतो.

सवय. दुसरं काही नाही. बारा वर्षांची सवय चार मिनिटांत जात नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

विचार केला. या मुलांना भूक नाहीच. तहान, कंटाळा आणि भूक यांतला फरक त्यांना कळत नाही, एवढंच. पोट भरलं हे ओळखायला शिकवलं पाहिजे. पाव काय, कोणीही देईल.

रविवारभर बसून पुठ्ठ्याच्या चकत्या कापणार. एका बाजूला हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला रडका. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाखाली खिळा. खाऊन झालं की मुलाने स्वतः चेहरा लावायचा. पोट भरलं तर हसरा. मग मला रोज डेटा मिळेल.

सोमवार, ९ सप्टेंबर

चार्ट सुरू. एकोणीस रडके, पाच हसरे.

खचले नाही. हसऱ्यांना लगेच अंगणात खेळायला सोडलं. रडक्यांना बसवून ठेवलं. प्रत्येकाला एक ग्लास पाणी, मग सावकाश चावण्याचा सराव (तोंड रिकामं होतं, पण सराव महत्त्वाचा), मग दहा मिनिटं दीर्घ श्वास. खिडकीतून खालचा गलका ऐकू येत होता, त्यामुळे एकाग्रता जरा कमी पडली.

मंगळवार, १० सप्टेंबर

अकरा रडके.

बुधवार, ११ सप्टेंबर

दोन.

गुरुवार, १२ सप्टेंबर. संध्याकाळी ६.३०

चोवीस हसरे. चोवीसच्या चोवीस. वकीलसुद्धा, त्याने तर पहिला घास गिळायच्या आत चेहरा लावला. ताट तेच, अंडं अर्धंच. बदलली ती मुलं. चार दिवसांत तृप्त व्हायला शिकली.

चार्टचा फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

शनिवार, १४ सप्टेंबर. दुपारी

घरी सगळं सांगितलं. आई लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे, चौथीपर्यंत शिकली. तिचा एकच प्रश्न, पोरांचं पोट भरतं का. म्हटलं, शंभर टक्के, चार्ट आहे. ती म्हणाली, पोट भरलेल्या पोराला विचारावं लागत नाही गं. तिला डेटा म्हणजे काय हे समजावत बसले नाही. धाकटी बहीण म्हणाली, ताई, तुझा कुठला चेहरा? कारण मी तिसऱ्यांदा भात घेत होते. हल्ली घरी आल्यावर जेवण जरा जास्त जातं. चालणं वाढलंय.

बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून घड्याळाशेजारी लावलंय. वेळ बघायला जो कोणी मान वर करतो त्याला ते वाचावंच लागतं. आमच्या घरात याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

कागदकामाच्या ताई तक्रार घेऊन आल्या. त्यांनी कागद चिकटवायला कणकेची खळ शिजवून ठेवली होती, भांडं कोणीतरी बोटाने पुसून स्वच्छ केलं. ही दुसरी वेळ. शिवाय ठसे उमटवायला बटाटे कापून फुलं कोरली होती. दहा होती, उरली सहा, आणि त्या सहांवर दातांच्या खुणा. त्यांनी विचारलं, तुम्ही यांना काही देता की नाही?

मी शांतपणे चार्ट दाखवला. कच्च्या भाजीकडे मुलं आपणहून वळताहेत ही खरं तर चांगली खूण आहे. त्या म्हणाल्या, माझ्या फुलांकडे वळताहेत.

बुधवार, १८ सप्टेंबर

पाच वाजून पाच मिनिटांनी बंबने वकिलाच्या दंडाला चावा घेतला. (बंब पाच वर्षांचा. रडायला लागला की आगीचा बंब आल्यासारखं वाटतं.) कारण विचारलं तर म्हणाला, वकिलाने बाहीवर केळं पुसलं होतं, वास येत होता. केळं आमच्या ताटात नाही. मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते.

ससा वाळलाय. त्याचं भांडं मात्र रोज लख्ख. बाईंना सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

गुरुवार, १९ सप्टेंबर

चिमणीचे वडील बस चालवतात. न्यायला आले तेव्हा म्हणाले, ताई, ही घरी पोचेपर्यंत माझा उरलेला डबा संपवते. मी सांगितलं, संतुलित आहाराने पचन सुधारतं, मग भूक चांगली लागते. ते म्हणाले, बरोबर असेल, पण काल ती तिकीट चघळत होती.

चोवीस हसरे.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज पाचच्या सुमारास कोणाही मुलाचा आवाज सहन होईना. दोघांवर ओरडले, त्यांतला एक झोपलेला होता. हवेतला बदल असावा.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. मावशी पाव कापत होत्या. त्यांच्या पावाचा दर्जा तपासून ठेवावा म्हणून एक काप घेतलं. एका कापावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही, म्हणून आणखी दोन. उभ्याउभ्याच. तिसऱ्यावर लोणी मावशींनी स्वतः लावलं, दुप्पट.

टोपलीत कापं पुष्कळ होती. कशाला एवढी, विचारलं. म्हणाल्या, घरी न्यायची आहेत. मावशी घरी एकट्याच असतात. एकट्या बाईची एवढी भूक. कोष्टक नसलं की असं होतं.

एक चांगली गोष्ट नोंदवायची राहिली. रोज साडेचारला मुलं अंगणात पाण्याच्या टाकीमागे रांग लावून उभी राहतात. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. कसला तरी खेळ असावा. एवढी शिस्त पहिल्या आठवड्यात नव्हती.

सोमवार, २३ सप्टेंबर

बाई खूश. शुक्रवारी पाच वाजता पालकसभा, मी चार्ट सादर करायचा. पालकांना पटलं तर तीस तारखेची वाट कशाला बघायची, म्हणाल्या. आईने लॉन्ड्रीत सांगून टाकलं की मुलगी कायम झाली. मी म्हटलं, अजून झाले नाही गं. ती म्हणाली, सांगितलंय आता, तर हो.

बुधवार, २५ सप्टेंबर

मावशींचा गुडघा सुजला, दोन दिवस रजा.

साडेचारला मुलं टाकीमागे गेली. रांग लावली. पाच मिनिटांनी वर आली. खेळ आज रंगला नसावा.

गुरुवार, २६ सप्टेंबर. संध्याकाळी ६.३०

दिवस बरा गेला नाही. बंब जमिनीवर पालथा पडून होता, रडायलाही उठला नाही. वकील एका शब्दाने भांडला नाही. एकीने खडू खाल्ला. चिमणी बरोबर चार्टखाली बसून मुसमुसत होती. विचारलं, काय होतंय? पोट दुखतंय म्हणाली. मी विचारलं, आज चेहरा कुठला लावलास? हुंदके देत म्हणाली, हसरा.

वर पाहिलं. चोवीस हसरे.

साथ आली असणार. दुसरं काय असणार? चार्ट चूक कसा असेल, तो तर मुलांनी स्वतः भरलाय. घरी येताना रस्ताभर हेच स्वतःला सांगत होते. पुन्हा पुन्हा का सांगावं लागत होतं, कळत नाही. उद्या सभा आहे. उद्यापुरतं तरी हे खरं असायला हवं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळी ७.१५

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

पालक तीसेक. बाई पहिल्या रांगेत. मी दहा मिनिटं बोलले, चांगलं बोलले. मग वाटलं, मुलांच्या तोंडूनच येऊ दे. वकिलाला पुढे बोलावलं, कारण तो स्पष्ट बोलतो. विचारलं, हसरा चेहरा म्हणजे काय, सांग सगळ्यांना.

त्याने सांगितलं. हसरा म्हणजे खेळायला सोडतात. रडका म्हणजे बसवून ठेवतात आणि पाणी पाजतात.

मी म्हटलं, आणि पोट? तो म्हणाला, पोटाचं मावशी बघतात. टाकीमागे. साडेचारला. पण ताईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटतं.

एक आई उठून उभी राहिली. तिने आपल्या मुलीला विचारलं, आणि मावशी नव्हत्या तेव्हा गं? मुलगी म्हणाली, तेव्हा खळ होती, पण ती बंबने संपवली. बंब लगेच म्हणाला, सशाचं मी एकट्याने नाही खाल्लं.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चिमणीच्या वडिलांनी डबा उघडून तिच्या हातात दिला आणि तिचं खाऊन होईपर्यंत उभे राहिले. सगळी खोली तिचं खाणं बघत होती. मीही.

शनिवार, २८ सप्टेंबर. दुपारी १

बाईंनी बोलावलं. रागावल्या नाहीत. आहार-समन्वयक हे पद उद्यापासून नाही. खाणं पुन्हा मावशींकडे.

मी पिशवी उचलली. त्या म्हणाल्या, थांब. मावशींचा गुडघा आता दिवसभर उभं राहू देत नाही, त्यांना हाताखाली कोणीतरी हवंय. त्यांनी तुझं नाव सांगितलंय. मी विचारलं, माझं का? बाई म्हणाल्या, मीही तेच विचारलं. तर मावशी म्हणाल्या, पोरगी वाईट नाही, उपाशी होती.

हो म्हटलं. आतल्या गोटात राहून सुधारणा जास्त चांगली करता येते. शिवाय व्यवस्थेचा मुळापासून अभ्यास होईल.

घरी सांगितलं की पदात थोडा बदल झाला. आईने विचारलं, वर की खाली? म्हटलं, आत. स्वयंपाकघरात. तिने इस्त्रीचा चटका बसलेलं बोट चोळलं. मग म्हणाली, लॉन्ड्रीत मी एवढंच सांगितलं होतं, कायम झाली. कशात, ते कोणी विचारलं नव्हतं.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपारी ३.०५

एप्रन मोठा होतो, दोनदा गुंडाळून घेतलाय. मावशी स्टुलावर, मी उभी. सोळा पाव कापले. पहिली तीन कापं पातळ आली. मावशींनी उचलून बाजूला ठेवली, म्हणाल्या, यातून पलीकडचं दिसतंय, ही आपण खाऊ. पुढची जाड झाली. मग म्हणाल्या, शिकलेली आहेस, येईल लवकर.

पद्धत टिपून ठेवावी म्हणून वही काढली. विचारलं, मुलाला पहिलं काप दिल्यावर दुसरं किती वेळाने द्यायचं? मावशी म्हणाल्या, ते विचारायला तुला वेळ मिळणार नाही. लोणी घे.

जिन्यावर पावलं वाजताहेत, चोवीस जणांची. बंब सगळ्यांच्या पुढे आहे, आवाजावरून कळतंय. आठ कापांना लोणी लावायचं राहिलंय.