प्रार्थनेच्या वेळचा व्हरांडा

प्रिय भिंगरी,

सगळ्यांत आधी टपकली ती शिवणवाली. मी अजून केससुद्धा विंचरले नव्हते. हातात तुझ्या बापाची उसवलेली पँट. कधीची तिच्याकडे धूळ खात पडली होती, ती आजच बरी शिवून झाली! मी ओळखलंच, बाई काही पँटीसाठी आलेली नाही. पाठोपाठ चष्म्याच्या दुकानाचा मालक आला घाम पुसत. दोघांचीही पोरं तुझ्याच शाळेत. बसले, चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग चष्मेवाल्याने घसा खाकरला. आजी, राग मानू नका, पण तुमची नात देव मानत नाही म्हणे. मी म्हटलं, हो, परकरात होती तेव्हापासून मानत नाही, साखर पुरे ना चहात?

त्याला वाटलं असावं मी डोळ्यांना पदर लावीन. मग शिवणवालीनेच सुरुवात केली. तू मुख्याध्यापक झालीस आणि सकाळची प्रार्थना बंद केलीस, आता पोरं तेवढ्या वेळात पेपरातल्या बातम्या वाचतात, हे कुठलं वळण? ज्याला देवाची भीती नाही त्याला धरबंध कसला, आजी? उद्या आम्हाला घरातसुद्धा प्रार्थना करू द्यायची नाही! मला हसूच फुटलं. म्हटलं, अगं, या घरात माझ्या प्रार्थनेच्या वेळी रेडिओ बारीक करायची ती एकटी तीच. माझा लेक एवढा देवभक्त, पण ऐन प्रार्थनेत मोजे कुठेत म्हणून बोंबलतो. तसबिरीवरचा दिवा गेला की स्टुलावर चढून बदलायची तीच. तुझा विश्वास नाही तर कशाला चढतेस म्हटलं, तर म्हणाली, तू चढलीस तर पडशील म्हणून. आता यात भीती कुठे आली सांग. आणि भीतीनेच चांगलं वागायचं असेल तर पोलीस आहेत की. शिवणवाली पँटीची घडी घालत बसली. पण पँटीची शिवण मात्र नीट घातलीय हो तिने, ते सांगायला हवं.

चष्मेवाला हटेना. म्हणाला, शाळेत निम्म्याहून जास्त पोरं आपलीच, मग आपली प्रार्थना झाली तर बिघडलं कुठे? खरं सांगते, ते ऐकून मला माझी शाळा आठवली. तुला मी हे कधी सांगितलं नाही, तुझ्या बापालाही नाही. मी शाळेत जायचे तेव्हा बाबा पुलाच्या कामावर होते, आणि त्या गावात आपली मोजून चार घरं. बाकी सगळा गाव दुसऱ्या देवाचा. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की बाई मला म्हणायच्या, बाळ, तू बाहेर थांब हं, तुझ्या घरच्यांना आवडायचं नाही. बाई प्रेमळच होत्या. मला कुणी हात लावला नाही की वाकडं बोललं नाही. नुसतं दार लागायचं. व्हरांड्यात सगळ्यांच्या चपला असायच्या आणि मी. पोरांनी माझं नाव चपलांची राखणदार पाडलं. आणि त्या चपलांमध्ये आणखी एकजण उभा असायचा, चित्रकलेचे मास्तर. ते कुठलाच देव मानत नव्हते, म्हणून आत जात नसत. खिशातला खडू काढून फरशीवर अक्षर काढायचे आणि म्हणायचे, चल, आपण आपली शाळा भरवू. मला जेवढं लिहिता येतं ना, त्यातलं निम्मं त्या फरशीवरचं. पुढे गावाला मास्तर टोचायला लागले. देव न मानणारा माणूस पोरांना काय शिकवणार, हेच तेव्हाही म्हणत होते. त्यांची बदली झाली, मी व्हरांड्यात एकटी राहिले, आणि बाबांनी एक दिवस माझं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. म्हणून माझी जोडाक्षरं अशी लंगडी. तुझ्या बापाला वाटतं मला अभ्यासाचा कंटाळा होता.

चष्मेवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, सरकारने रस्ते बघावे, नळ बघावे, शाळा बघावी, माझ्या देवाचं मी बघते. त्याला तो विनोद वाटला. हसला आणि मग मुद्द्यावर आला. सोमवारी शाळेत पालकांची सभा आहे, वरचे साहेब येणार आहेत, तुला त्या खुर्चीवर ठेवायचं की नाही ते तिथेच ठरणार. घरचीच आजी पुढच्या रांगेत बसली, चार शब्द बोलली, की काम फत्ते. मी म्हटलं, येते की. बोलतेसुद्धा. काय बोलणार ते दोघांपैकी एकानेही विचारलं नाही बघ! खुश होऊन गेले.

आता हे तुझ्या कानावर जाणारच, की आजी त्यांच्या बाजूने सभेला येतेय. प्रार्थना बंद केल्यापासून तू घरी फिरकली नाहीस, आजी रागावली असेल असं धरून बसलीस. त्यात हे ऐकून राजीनामा लिहायला बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. फोन केला तर आजी तू यात पडू नकोस म्हणून मध्येच तोडशील. मी रागावलेली नाही गं. तुझ्या शाळेत सकाळी कुणीच बाहेर उभं राहत नाही, हे ऐकलं त्या दिवशी मी एकटीच खुदकन हसले होते. साहेबांना व्हरांड्याचं सांगणार आहे, मास्तरांचंही. तू फक्त जागेवर राहा आणि मला पाहून रडू नकोस. मला न्यायला ते दोघं सोमवारी सकाळी गाडी घेऊन येणार आहेत.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
आजी