मीनाच्या हळदीत माझे पाय

मं. १७ मार्च ८७

होळी झाली. पाड्यातल्या सगळ्या बाया लुगडी नेसून नाचल्या, मी आपली गोल साडी सावरत ओट्यावर बसून. आय (सासूबाई) मला ऐकू जाईल अशा बेतानं धाकट्या जावेला, शेवंताला म्हणाली, "आमची बाई कशाला नाचते? तिला आता कास्टा नाय चालत. मास्तरीण हाय ना ती." शेवंता हसली. मीही हसले. घरी येऊन भांडी आपटली.

खरं कारण मला आणि ह्यांना ठाऊक. डाव्या पायाची नस गुडघ्यामागून घोट्यापर्यंत फुगून वाकडीतिकडी गेलीय. तिच्या आजूबाजूला निळ्या-जांभळ्या बारीक रेषांचं जाळं. आमचं लुगडं गुडघ्यापर्यंत. म्हणजे पाय गावाला दाखवा. त्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेतलेलं बरं. मीना बालवाडीत होती तेव्हापासून हेच चाललंय. आता मीना लग्नाची झाली.

श. २१ मार्च

जमलं! मुलगा सातपाटीचा, बोईसरला कारखान्यात फिटर. मीना लाजून तीनदा चहात साखर विसरली. हळद ९ मे, लग्न १० ला.

आनंदात होते तोवर आय म्हणाली, "हळदीत पयली फेरी आईची. हिरवा लुगडा मी घेनार तुला." आमच्या घरची रीत आहे ही. नवरीची आई लुगडं नेसून मुलीचा हात धरून नाचायला उतरते, मग बाकीच्या. आयनं विचारलं नाही, सांगितलं. मी 'हो' म्हटलं आणि साडीची किनार घोट्याखाली ओढली.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, माकुणसारला एक वैदू आहे, जळवा लावतो. म्हटलं, आधी तुमच्या जिभेला लावू.

श. २८ मार्च

पालघरला गेले. मुंबईचे सर्जन दर शनिवारी येतात तिथे. तरुणच आहेत, पण चेष्टेखोर.

स्टुलावर उभं केलं. मग आडवं करून पाय वर धरला तर नस गायब! मांडीला रबरी पट्टा बांधून परत उभं केलं. पट्टा सोडताच नस भरभर वरून खाली भरली. डॉ. म्हणाले, नसेत पडदे असतात, रक्त वर चढलं की खाली येऊ देत नाहीत. तुमचे पडदे ढिले झालेत. शाळेत बसून शिकवता का? म्हटलं, चौथीच्या वर्गात बसलं तर पोरं डोक्यावर बसतील.

इलाज असे सांगितले. एक, लवचिक पट्टी रोज बांधायची, पाय डोक्यापेक्षा उंच राहतील असं झोपायचं (म्हणजे पलंगाच्या पायथ्याखाली विटा), ताटकळत उभं राहायचं नाही. ह्यानं आराम पडेल, नस जाणार नाही. दोन, बारक्या नसांना इंजेक्शन, त्या सुकतात. तीन, मोठ्या नसेचं ऑपरेशन. जांघेत बांधतात आणि खालून ओढून काढतात. ओढून!

विचारलं, "९ मेपर्यंत पाय साफ दिसेल का?"

"बाई, पायाला आराम हवाय की पाय दाखवायचाय?"

"दोन्ही."

खूप हसले. म्हणाले, इंजेक्शनं घेतली तरी तपकिरी डाग पडतात, काही महिने राहतात. शिवाय मोठी तशीच ठेवून बारक्यांना टोचलं तर त्या परत येणार. आधी मोठी. पण ऑपरेशनला शाळेची सुट्टी कुठाय, आणि लग्न तोंडावर.

पट्टी घेऊन आले.

सो. ३० मार्च

पाडवा. पट्टी गुडघ्यापासून खाली बांधत आणली. दुपारपर्यंत पाऊल भोपळ्यासारखं टम्म. श्रीखंडही गोड लागेना. मग आठवलं, डॉ. म्हणाले होते बोटांपासून वर. आणि अंथरुणातून उठायच्या आधी. आमच्या घरात अंथरुणातून उठायच्या आधी काही करायला मिळतं का? मी डोळे उघडायच्या आत आयचा आवाज अंगणातून, "पानी आला काय गो?"

गु. २ एप्रिल

पट्टी धुऊन कुठे वाळवू? अंगणात टाकली तर आय विचारणार. म्हणून मागच्या दारी, बोंबील सुकवायच्या वलांडीवर, बोंबलांच्या मधोमध टांगली. लांबट, पांढरी. कोणाला कळतंय!

शेवंतानं संध्याकाळी बोंबील काढले आणि पट्टीसकट टोपलीत भरले. मी टोपली उपसून पट्टी शोधतेय, ती बघतेय. "वैनी, काय हरावलंय?" म्हटलं, कानातलं. बिचारी माझ्याबरोबर तासभर कानातलं शोधत बसली. कानातली दोन्ही माझ्या कानात होती.

श. ४ एप्रिल

डॉ. पट्टी सोडायला वाकले आणि थबकले. नाकानं दोनदा श्वास घेतला. "बाई, जेवणाची वेळ झाली का?"

मी खरं सांगितलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. म्हणाले, उन्हात आणि मिठात लवचिकपणा मरतो, सावलीत वाळवा. दुसरी पट्टी घ्यायला लावली. जाताना म्हणाले, "सुके बोंबील मिळतील का पण खरंच?"

शु. १० एप्रिल

आज जे झालं ते आधी लिहून टाकते.

परीक्षेची तयारी म्हणून बाकं हलवत होतो. एका बाकाचा कोपरा घोट्याच्या वर, नसेवर लागला. दुखलं काहीच नाही. पण साडी भिजायला लागली. बघते तर रक्ताची धार. धार म्हणजे धार! पोरं किंचाळली. मुख्याध्यापक धावत आले, रक्त बघितलं आणि स्वतःच खुर्चीत कोसळले. पहिलीच्या बाईंना कळेना कोणाला पाणी मारू.

डॉ.नी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, तेवढं डोक्यात राहिलं. जमिनीवर उताणी पडले, पाय बाकावर उंच टाकला, रुमालाची घडी दाबून धरली. थांबलं! एवढं भळभळणारं रक्त, पाय वर करताच थांबलं. पडल्या पडल्या पोरांना म्हटलं, तेराचा पाढा म्हणा. घाबरलेली पोरं मोठमोठ्यानं पाढा म्हणायला लागली. मु.अ. शुद्धीवर आले ते तेरा साती एक्याण्णवला.

पण साडी गुडघ्यापर्यंत वर, पट्टी सुटलेली, आणि दारात अर्धा पाडा जमलेला. सगळ्यांनी पाहिलं.

श. ११ एप्रिल

गावातल्या डॉ.नी काल एक टाका घातला. आज पालघरला जाऊन आले. सर्जन पहिल्यांदाच गंभीर दिसले. "आता टाळू नका. एकदा फुटली की परत फुटते." लग्न झालं की लगेच, सुट्टीत करायचं ठरलं. १९ मे.

आय कालपासून माझ्या खोलीकडे फिरकली नाही. मला वाटलं रागावली. दुपारी माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. पदर दोनदा नीट केला.

"यासाटी लुगडा सोडलास?"

मी मान हलवली.

"आनि मी बारा गावात सांगत सुटले, सून शिष्ट हाय म्हनून." मग एकदम भडकली. "तोंड नवता तुला? मास्तरीण हायस, पोरांना दिवसभर बोलतेस, मना एक शब्द नाय बोलवत?"

मला रडू आलं. तिलाही आलं. दोघी नाक ओढत बसलो. मग तिनंच उठून कोलंबीचं कालवण केलं, तिखट जाळ. वाढताना म्हणाली, "पन हळदीत लुगडा नेसायचाच हाय. ता काय सुटला नाय."

गु. १६ एप्रिल

टाका सुकलाय. आयचा स्वतःचा इलाज सुरू. सकाळी मला किनाऱ्यावर नेते आणि गुडघाभर पाण्यात उभी करते. खारं पाणी नस ओढून घेतं म्हणे. बोटीवरचे लोक हात करतात. ती त्यांना ओरडून सांगते, "सुनंची नस हाय, नस!" लपवाछपवी संपली ते बरंच झालं, आता डहाणूपर्यंत सगळ्यांना माहीत.

श. २५ एप्रिल

डॉ.ना समुद्राचं विचारलं. म्हणाले, पाण्यात उभ्या राहू नका, चाला. थंड पाण्यात चालणं चांगलं.

मग भीत भीत मुख्य प्रश्न. नाचू का?

"नाचा की! अहो, वाईट काय, तर उभं राहणं. पोटरी हलली की तीच रक्त वर ढकलते. पट्टी घट्ट बांधा, मधे मधे पाय वर करून बसा, आणि नाचा."

इतकी वर्षं पायांसाठी नाच सोडून ओट्यावर बसले. दुखतील म्हणून नाही, दिसतील म्हणून, ते वेगळं. पण ज्यानं त्यांना बरं वाटलं असतं तेच नेमकं सोडलं. बाहेर येऊन घरी परतायला बोईसरच्या गाडीची वाट बघताना फलाटावर एका जागी उभी राहिलेच नाही, येरझाऱ्या घातल्या. एक बिहारी कामगार म्हणाला, "बहनजी, गाड़ी आ जाएगी, टेंशन मत लो."

सो. ११ मे

दोन दिवस वही हातात घेता आली नाही. आता सांगते.

हळद. मांडव पाहुण्यांनी गच्च. हिरवं लुगडं आयनं स्वतः नेसवलं, माझ्याभोवती फिरत, कास्टा ओढत, "पोट आत घे गो" म्हणत. आरशात पाहिलं. पोटरीवर पांढरी पट्टी, बाकी मी. शेवंता म्हणाली, थांबा, आणि हळदीचा वाडगा आणून पट्टी पिवळी करून टाकली. "आता कोन बगतंय!"

बेंजो सुरू झाला. मीनाचा हात धरून उतरले. पहिली फेरी पाय जड, दुसऱ्या फेरीत विसरलेच. कंबर, खांदे, हात, सगळं आपोआप. जणू कालच सोडलं होतं. मीना कानात ओरडली, "आई, तुला एवढं येतं?" तिनं मला नाचताना कधी पाहिलंच नव्हतं! वीस वर्षांची पोर माझी.

आणि मग पट्टीचं टोक सुटलं. मला कळलंच नाही. मागे पिवळी शेपटी फरफटतेय, आणि बाया हसून वाकल्यात. कोणाचा तरी पाय त्यावर पडला, मी अडखळले. बेंजोवाला थांबला. सगळ्यांचे डोळे माझ्या पायाकडे. क्षणभर वाटलं, साडी असती तर खाली सोडली असती. लुगडं कुठे सोडणार?

मी वाकले, पट्टी सरासरा सोडली, गोळा करून ह्यांच्या अंगावर फेकली. ह्यांनी झेललीही! म्हटलं, "वाजव रे, थांबलास कशाला?"

वाजवलं त्यानं. मी नाचले. नस, जाळं, टाक्याची खूण, सगळं उघडं. शेवंता आली, आय आली, मग कोण कोण आलं. आय सत्तरीची, पण काय ठेका! तिच्यासमोर मी नवखी.

थोड्या वेळानं आयनंच दंडाला धरून बाजूला नेलं, खुर्चीवर पाय वर टाकायला लावला आणि पट्टी बांधून घेतली. बोटांपासून वर. शिकलीय.

काल मीना गेली. रडले, पण फार नाही. सातपाटी काय लांब आहे! आज सकाळपासून तीन बाया येऊन गेल्या. मला वाटलं, घर रिकामं झालं म्हणून भेटायला आल्या. तिघींनी इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच लुगडं सरकवलं, गुडघ्याची मागची बाजू दाखवली आणि विचारलं, डॉक्टर कोण तुझा?

सो. १८ मे, पालघर, हॉस्पिटल

उद्या ऑपरेशन. हे रजा टाकून येतो म्हणाले. आय म्हणाली, "तू काय करशील? मी जाते." बाळंतपणं सोडली तर हॉस्पिटलात ती कधी आलेली नाही. कपाळावर मोठं कुंकू लावून, कास्टा मारून, जणू वरातीला निघालीय.

ऑपरेशनांसाठी खास मुंबईहून आलेल्या डॉ.नी संध्याकाळी मला स्टुलावर उभं केलं आणि पायावर शाईनं नस काढत गेले. जिथे जिथे छेद द्यायचा तिथे फुल्या. मी म्हटलं, हा नकाशा चौथीच्या पोरांना दिला तर वैतरणा नदी म्हणून भरतील. आय डोळे बारीक करून बघत होती.

"डाक्टर, ही नस काडल्यावर रगत जानार कुटून?"

"आजी, आत खोल मोठ्या नसा आहेत, खरं काम त्या करतात. ही नुसती फुगून बसलीय."

"म्हंजे माज्या थोरल्या दिरासारी," आय म्हणाली. नर्सच्या हातातली शाईची बाटली हिंदकळली.

डॉ. हसत हसत उठले, आणि उठता उठता आयच्या पायाकडे बघून परत बसले. "आजी, हे काय?"

घोट्याच्या आतल्या बाजूला काळी पडलेली, कडक कातडी. मध्ये रुपयाएवढी ओली जखम. वर पोटरीवर माझ्याहून दुप्पट जाड नसा.

"ता हायच. सुकते, परत होते. हळद लावते मी."

"किती वर्षं?"

आय विचार करायला लागली. "थोरल्याच्या लग्नात होता." थोरला म्हणजे हे. म्हणजे मी ह्या घरात आले तेव्हापासून.

तिचा पाय रोज उघडाच. अंगणात, ओट्यावर, समुद्रात मला घेऊन उभी राहायची तेव्हा माझ्या शेजारी. मी माझा लपवण्यात एवढी गुंग, की तिच्याकडे कधी बघितलंच नाही.

डॉ. म्हणाले, हीच ती नस, आजी, सुनेची तीच तुमची. जखम आधी पट्टीनं भरून काढू, मग बघू. ऑपरेशन लागेलही. वयाचा विचार करावा लागेल, रक्त-लघवी तपासू. आत्ताच काही सांगत नाही.

"आदी हिचा होऊ दे," आय म्हणाली. "नाचली बगा कशी हळदीत. तुमी यायला पायजे व्हता."

आता ती शेजारच्या रिकाम्या खाटेवर पडलीय. दोन उशांवर पाय, बोटांपासून गुडघ्यापर्यंत कोरी पट्टी. नर्सला तिनं बजावलंय की ही खाट आपलीच. मघाशी मला विचारलं, "उद्या आत घेतील ता किती वेळ?" म्हटलं, तास-दीड तास. उशीवरचा पाय नीट केला. मग म्हणाली, "टेबल मोटा हाय काय गो? दोगी मावू?"